सोनं शोधायचा डिटेक्टर घेताय? खोलीचा आकडा राहू द्या, मशीन शांत राहतं का ते आधी बघा

आत्तापर्यंत माझी स्वतःची दोन मशीनं झाली आणि तिसरं एका मित्राचं महिनाभर वापरायला मिळालं, त्यामुळे आता लिहावंसं वाटतंय, कारण घेताना सगळे जे विचारतात तेच मीही विचारलं होतं, किती खोल जातो? आणि तिथेच चुकलो.

पहिलं मशीन साधं होतं, नाणी, अंगठ्या, सगळंच शोधणारं. घरात हवेत धरून अंगठी फिरवली की लांबूनच खणखणीत वाजायचं, मी खूश. मग ओढ्याकाठच्या लालभडक मातीत घेऊन गेलो. कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची शोधणारी चकती, जमिनीजवळ नेली की वाजतंय, उचलली की वाजतंय, काळा दगड आला की वाजतंय. सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणली तेव्हा कुठे गप्प झालं, पण मग बारका सोन्याचा कणही त्याला ऐकू येईना. तीन दिवस घालवले आणि हाती काहीच नाही.

कारण नंतर कळलं. सोनं जिथे सापडतं तिथल्या मातीत बऱ्याचदा मॅग्नेटाइटसारखं लोहखनिज भरपूर असतं, आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या सोन्याच्या सिग्नलपेक्षा त्या मातीचा सिग्नल कितीतरी मोठा येतो. मशीनने मातीचा आवाज बाजूला काढून उरलेला तेवढा ऐकवला पाहिजे, यालाच ग्राउंड बॅलन्स म्हणतात. माझ्या मते सोन्याच्या डिटेक्टरचा जीव यातच आहे, बाकी सगळं नंतर.

यात पण एक मेख आहे. दुसरं मशीन खास सोन्याचं घेतलं, ऑटो ग्राउंड ट्रॅकिंग असलेलं, म्हणजे माती बदलली की ते आपोआप जुळवून घेतं. चालताना फार सोयीचं, खोटं नाही बोलणार. पण एकदा खडकाच्या भेगेवर अगदी हलका सिग्नल आला, आहे की नाही असा, म्हणून नेमकी जागा धरायला मी त्याच्यावरून दहा-बारा वेळा कॉइल फिरवली आणि सिग्नल गायब! मशीनने त्या कणालाच माती समजून बाद केलं होतं. मी दोन पावलं मागे गेलो, स्वच्छ जमिनीवर जरा फिरवलं, परत आलो, तर परत तोच बारीक आवाज. भेग खरवडली, माती प्लॅस्टिकच्या स्कूपमध्ये घेतली, अर्धी टाकली, उरलेली कॉइलवरून नेली, वाजली, परत अर्धी टाकली, असं करत करत शेवटी तळहातावर चिमूटभर चिखल उरला आणि त्यात मसुराच्या अर्ध्या डाळीएवढा खडा. बोटाने पुसल्यावर तो पिवळा रंग दिसला ना, त्या क्षणाला तोड नाही. पण दोन पावलं मागे जायचं सुचलं नसतं तर तो तिथेच राहिला असता. म्हणून सांगतो, ट्रॅकिंग लॉक करायचं बटण पाहिजेच, आणि हाताने बॅलन्स करायची सोय असेल तर उत्तम.

आता फ्रिक्वेन्सी, म्हणजे मशीनची लहर सेकंदाला किती वेळा कंप पावते ते. बारीक सोन्याला जास्त फ्रिक्वेन्सी लागते, म्हणून फिशर कंपनीचं गोल्ड बग २ हे ७१ किलोहर्ट्झवर चालतं आणि माइनलॅब कंपनीचं गोल्ड मॉन्स्टर १००० हे ४५ वर. पण जेवढी फ्रिक्वेन्सी जास्त तेवढी खनिजवाल्या मातीची कटकटही जास्त, हे घेताना कोणी सांगत नाही.

तिथे पल्स इंडक्शन कामाला येतं, मित्राचं मशीन त्यातलंच. ते कॉइलमधून झटका देतं, काही मायक्रोसेकंद थांबतं आणि मग ऐकतं, त्यामुळे मातीचा त्रास बराच कमी होतो. १९९५ साली माइनलॅबने एसडी २००० आणलं ते याच जातीचं, ऑस्ट्रेलियाच्या लाल मातीत ज्या जागा लोकांनी संपल्या म्हणून सोडल्या होत्या तिथे त्यानंतर परत सोनं निघालं. मी मित्राचं मशीन त्याच ओढ्याकाठी नेलं जिथे माझं पहिलं मशीन वेडं झालं होतं, आणि हेडफोनमध्ये फक्त एकसारखी बारीक गुणगुण. विश्वासच बसेना. तोटा एकच पण मोठा, लोखंड नीट ओळखता येत नाही. जुन्या वस्तीजवळ गेलो तर दिवसभर गंजके खिळेच उपसले.

लोखंड वगळायची सोय म्हणजे डिस्क्रिमिनेशन, त्यावर जास्त विसंबू नका. खनिजवाल्या जमिनीत खोलवरचा बारका सोन्याचा कण मशीनला लोखंडासारखाच वाटू शकतो, आणि अॅल्युमिनियमची फॉइल किंवा शिशाचा छर्रा अगदी सोन्यासारखा वाजतो. मला हवंय ते असं, की लोखंड वाटलं तर स्क्रीनवर दाखव पण आवाज बंद करू नकोस, खणायचं की नाही ते मी ठरवीन.

खोलीबद्दल एकच सांगतो. लहान वस्तूचा सिग्नल अंतराच्या साधारण सहाव्या घाताने कमी होतो, म्हणजे खोली दुप्पट झाली तर सिग्नल जवळपास ६४ पट बारीक. म्हणून खोक्यावरचा आकडा मोठ्या वस्तूचा असतो, आपल्या दाण्याचा नाही. मोठी कॉइल लावली तर मोठा खडा खोलवरून सापडेल, पण दाणे सुटतील, म्हणून एक छोटी कॉइल सोबत मिळते का ते बघा, खडकाच्या फटीत तीच शिरते.

वजन हलक्यात घेऊ नका. माइनलॅबचं जीपीझेड ७००० हे ३.३ किलोच्या आसपास आहे आणि नंतर आलेलं जीपीएक्स ६००० साधारण २.१ किलो, हा फरक दुपारनंतर खांद्याला कळतो. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज उशिरा येतो आणि जागा चुकते, त्यामुळे वायरचा नाहीतर विलंब नसलेला वायरलेस घ्या. कॉइलची केबल दांड्याला घट्ट गुंडाळा, ती हलली तरी मशीन खोटं वाजतं. आणि वॉटरप्रूफ लिहिलंय म्हणजे काय ते नीट वाचा! बऱ्याच मशीनांची फक्त कॉइल पाण्यात चालते, कंट्रोल बॉक्स नाही, माझ्या दुसऱ्या मशीनचा बॉक्स एका पावसात आतून धुरकटला आणि दोन आठवडे बंद पडून होता. माइनलॅबच्याच एसडीसी २३०० सारखी ३ मीटरपर्यंत पूर्ण बुडवता येणारी मशीनं आहेत, ओढ्यात काम करणार असाल तर तसलंच बघा.

घ्यायच्या आधी एक करा. बारीक छर्रा प्लॅस्टिकच्या कार्डाला चिकटवा आणि जिथे शोधणार आहात त्याच मातीत दोन बोटं खाली पुरून बघा, हवेतली टेस्ट काही कामाची नाही. विकणारा तयार नसेल तर कोणाचं तरी मशीन एक दिवस मागून घ्या.

आणि पिठासारखं बारीक सोनं यातलं कुठलंच मशीन दाखवत नाही, तिथे आपला पॅनच बरा, म्हणजे पाण्यात माती धुवून सोनं वेगळं करायचं पसरट भांडं.