संजय गांधीच्या थकलेल्या 21,000 पैकी आमच्या हातात पडले 1,200

आधीच सांगते, कुणी "अहो एजंटकडे जायचंच कशाला" म्हणणार असेल तर त्याने एकदा उजवी बाजू लुळी पडलेल्या माणसाला रिक्षातून उतरवून तहसीलच्या दुसऱ्या मजल्यावर नेऊन दाखवावं आणि मग बोलावं. लिफ्ट बंद. साहेब मीटिंगला. "उद्या या." हे ऐकून ऐकून माणूस एजंटकडे जातो, हौस म्हणून नाही.

आमच्या ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात आणि पाय गेला. दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट 65 टक्क्यांचं आहे. संजय गांधी निराधार, म्हणजे सरकारचं दर महिन्याचं अनुदान, त्याला 40 टक्के लागतात आणि दिव्यांगासाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 50,000 च्या आत, म्हणजे आम्ही दोन्हीत बसत होतो, फॉर्म भरला आणि मंजुरीही आली. मंजुरीपत्रावर लिहिलं होतं जानेवारी 2025 पासून. पण पैसे येईनात. दर महिन्याला पासबुक एंट्री मारून आणायची आणि कोरंच. चौकशी केली तर "डीबीटीला (म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येतात त्याला) अडकलंय, आधार लिंक नाही." बँकेत गेलो तर म्हणे आधार लिंक आहे. आता कुणाचं खरं धरायचं?

ही भानगड मला नंतर कळली, इथेच सांगून टाकते कारण नव्वद टक्के लोक इथेच अडकतात. खात्याला केवायसीत आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे यायला ते खातं एनपीसीआयला, म्हणजे बँकांमधले व्यवहार फिरवणाऱ्या संस्थेकडे, आधारशी मॅप असणं वेगळं. बँकेतला माणूस पहिलं बघतो आणि "आहे की" म्हणतो, तहसीलवाला दुसरं बघतो आणि "नाही" म्हणतो. आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस (म्हणजे हेच मॅपिंग) बघितलं की डीबीटी कुठल्या बँकेत जाणार ते दिसतं. फुकट. ओटीपी येतो, दोन मिनिटांचं काम. आणि हेच काम करून द्यायला त्या एजंटने आम्हाला जे लुटलं ते पुढे वाचा.

तहसीलच्या बाहेर झेरॉक्सवाल्यांच्या रांगेत एक केंद्र आहे. बाहेर मोठा बोर्ड, त्यावर सगळ्या योजनांची नावं, आत मोदींचा आणि मुख्यमंत्र्यांचा फोटो, त्यामुळे आम्हाला वाटलं सरकारीच असणार. नाव लिहीत नाही, माझ्याकडे अजून कागद पुरे नाहीत आणि तो उलट माझ्यावरच केस टाकेल. बोलायला एकदम गोड. "वहिनी तुम्ही बसा, दादांना पाणी द्या रे." सरकारी ऑफिसात वर्षभर कुणी बसा म्हणालं नव्हतं हो.

त्याने पहिल्यांदा 1,200 घेतले यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, "अपडेट" करायला. हे कार्ड फुकट असतं. अर्ज फुकट, कार्ड फुकट, घरी पोस्टाने येतं तेही फुकट. मग 3,000 घेतले, थकलेल्या महिन्यांची फाईल "वर" पाठवायला. म्हणाला, "नाहीतर मागचं सगळं बुडतं, शासन फक्त चालू महिन्यापासून देतं, मागचं काढायचं असेल तर वेगळा प्रस्ताव जातो." असा कुठलाही वेगळा प्रस्ताव आमच्या केसमध्ये नव्हता. मंजूर झालेले पैसे आधारमुळे थांबले होते, मॅपिंग झाल्यावर ते आपोआप आले. त्यासाठी कुणी कुठे फाईल ढकलली नाही. पण हे तेव्हा सांगणार कोण? तहसीलमध्ये विचारलं होतं मी, बाईंनी मान वर न करता "येतील" म्हटलं. कधी, किती, कुठून मोजून, काही नाही. एक "येतील". त्या एका शब्दावर हा माणूस दुकान चालवतो.

आणि मॅपिंगचा फॉर्म बँकेत द्यायचा तो त्यानेच भरला, यांचा अंगठा घेतला, आणि मोबाईल नंबरच्या रकान्यात स्वतःचा नंबर टाकला. माझ्यासमोर टाकला. म्हणाला, "ओटीपी येतात वहिनी, तुम्ही कुठे परत परत दादांना घेऊन येणार, मी इथल्या इथे करून टाकतो." ऐकायला सोयीचंच वाटलं ना? कुणालाही वाटलं असतं. त्या दिवसापासून आमच्या खात्याचा एकही मेसेज आमच्या फोनवर आला नाही. पासबुकही "लिंकिंगसाठी लागेल" म्हणून ठेवून घेतलं.

आता हिशोब बघा, कारण फसवणूक हिशोबातच आहे. जानेवारी ते सप्टेंबर 2025, नऊ महिने, 1,500 प्रमाणे 13,500. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना 2,500 झाले, म्हणजे ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर मिळून 7,500. एकूण 21,000. आम्हाला तो म्हणाला सगळे बारा महिने 1,500 नेच मिळतात, "जुन्या केसला नवा दर नाही", म्हणजे 18,000, आणि तेही "टप्प्याटप्प्याने". इथेच त्याने 3,000 गायब केले, अजून पैसे यायचे होते तरी. ज्या महिन्याचे पैसे त्या महिन्याचा दर, एवढं साधं आहे. मंजुरीपत्रावरचा महिना घ्या, कागदावर एकेक महिना आणि त्यापुढे रक्कम लिहा, बेरीज मारा आणि तो कागद खिशात ठेवूनच कुणाशी बोला. मी ती बेरीज सगळं गेल्यावर मारली.

जानेवारीत त्याचा फोन, पैसे आले, दादांना घेऊन या. आलो. ते बोटाचं छोटं मशीन असतं ना, लाल उजेडवालं, आधारच्या अंगठ्यावर खात्यातून पैसे काढायचं. यांचा उजवा हात तर उघडतच नाही, डावा अंगठा लावायचा तोही थरथरतो, रेशनवर सुद्धा चार चार वेळा लावावा लागतो. त्याने ओल्या फडक्याने अंगठा पुसला, लावला. "फेल गेलं. सर्व्हर." परत पुसला, परत लावला. "हां, झालं." 6,000 मोजून दिले. म्हणे चार महिन्यांचे आलेत, बाकीचे मागून. त्यातले 600 कमिशन म्हणून तिथेच काढून घेतले. पावती मागितली तर "रोल संपलाय."

पहिला अंगठा फेल गेलाच नव्हता. पहिल्या अंगठ्याला 7,500 निघाले, दुसऱ्याला 6,000. तेरा हजार पाचशे साफ. रेशनवर रोज फेल जाणाऱ्या अंगठ्याचा त्याने असा फायदा घेतला, आणि लोक मला विचारतात तुला कळलं कसं नाही! कसं कळणार? खरं फेल आणि खोटं फेल सारखंच दिसतं.

पण दुसऱ्या वेळचं मात्र अजून डोक्यातून जात नाही. आठवड्याभराने परत फोन, हयातीचा दाखला द्यायचाय, नाहीतर अनुदान बंद होईल. दाखला दरवर्षी द्यावा लागतो हे खरं आहे, म्हणून गेलो. परत तेच मशीन, तेच फडकं. मी यांच्या मागे त्यांचा खांदा धरून उभी होते त्यामुळे मला त्याचा स्क्रीन तिरका दिसत होता. त्यावर बँकांची लांबलचक यादी होती आणि तो माऊसने खाली खाली जात आमची बँक शोधत होता. मला दिसली. आमच्या बँकेचं नाव, तो निळा रंग, त्याने त्यावर क्लिक केलं. आणि माझ्या मनात आलं की माणूस जिवंत आहे हे सांगायला बँक कशाला निवडायची? आलं मनात. तेवढ्यात यांचा तोल गेला, मी यांना सावरलं, आणि तो म्हणाला "झालं वहिनी, वर्षभर टेन्शन नाही, चहा घ्या." चहा घेतला आम्ही. त्या चहाच्या वेळात यांच्या खात्यातून 7,500 निघाले होते. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. हयातीचा दाखला वगैरे काही नव्हतंच, तो मी नंतर वेगळा दिला.

म्हणून लिहून ठेवा: अंगठा लावताना स्क्रीन आपल्याकडे फिरवायला सांगायचा. बँकेचं नाव निवडलं म्हणजे पैशाचा व्यवहार आहे, तो काहीही म्हणो. फेल गेलं म्हणाला तर दुसरा अंगठा लावायच्या आधी फेलची पावती मागा, फेलची पण पावती निघते. रोल संपलाय म्हणाला की उठायचं.

उघडकीला कसं आलं, तर पासबुक मागून मागून तो देईना, शेवटी मी बँकेत हरवल्याचा अर्ज देऊन नवीन घेतलं आणि एंट्री मारली. 13,500 जमा, 7,500 नावे (म्हणजे काढलेले), 6,000 नावे, 7,500 जमा, 7,500 नावे. खाली शिल्लक जेवढी आधी होती तेवढीच. आता सगळं धरा, परस्पर काढलेले 15,000, आणि 1,200, 3,000, 600. एकोणीस हजार आठशे. 21,000 मंजूर झाले त्यातले आमचे 1,200, तेही रिक्षात गेले.

आणि इथून पुढे खरी मजा. बँकेचे साहेब म्हणाले, "अंगठा तुम्हीच लावलात ना? मग व्यवहार बरोबर आहे." मी म्हटलं साहेब, चोराने दार उघडायला लावलं म्हणून चोरी होत नाही का? तर म्हणे ते केंद्र आमच्या बँकेचं नाही, दुसऱ्या बँकेचं आहे, तिकडे जा. दुसऱ्या बँकेत गेले तर "तुमचं खातं आमच्याकडे नाही, तुमच्या बँकेतून तक्रार यायला पाहिजे." मोबाईल नंबर कुणी बदलला विचारलं तर फॉर्म दाखवला, त्यावर यांचा अंगठा. नंबर खातेदाराचा आहे का हे बघायचं काम कुणाचं, यावर उत्तर नाही. तहसीलमध्ये, "आमच्याकडून पैसे गेले, रेकॉर्डला पेड आहे." बाहेर यांच्याच भिंतीला लागून तो बसतो, त्याच्याकडूनच यांच्या टेबलावर फायली येतात, तरी "आमचा संबंध नाही." पोलिसांनी तर हद्दच केली. आधी सायबरला जा, सायबरवाले म्हणाले यात ऑनलाईन काय आहे, माणूस समोर बसून अंगठा घेतलाय, ठाण्यात जा. ठाण्यातले म्हणाले, "ताई, तडजोड करा, दहा हजार मिळवून देतो." माझेच पैसे, आणि हे मिळवून देणार! माझा मावसभाऊ वकिलाकडे कामाला आहे, त्याने न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 टाकून लेखी अर्ज करून दिला आणि पोच घ्यायला लावली, तेव्हा कुठे टेबलावरच्या माणसाने पेन उचलला. तोंडी बोलत बसू नका. अर्ज दोन प्रतीत, शिक्का आपल्या प्रतीवर.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन पहिल्या दिवशीच करायचा, आम्हाला कळेपर्यंत पैसे कधीच फिरले होते. बँकेने "आमचं केंद्र नाही" म्हटलं तरी ऐकून घेऊ नका, ज्या बँकेने त्या माणसाला मशीन दिलंय ती बँक त्याच्या कामाला जबाबदार असते, रिझर्व्ह बँकेचे नियम तसे आहेत. लेखी तक्रार करा, 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उडवाउडवी केली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही. चौकशीला रिझर्व्ह बँकेचा नंबर 14448.

आमच्या बाजूने आत्तापर्यंत एकच गोष्ट बोलली आहे, आधारची साईट. कुठल्या तारखेला किती वाजता अंगठा लागला याची मागच्या सहा महिन्यांची यादी तिथे निघते. पहिल्या दिवशी "फेल" म्हणाला तो अंगठा तिथे यशस्वी दिसतोय. त्याची प्रिंट काढून मी तक्रारीला जोडली, साहेबांनी ती बघितली आणि पहिल्यांदा गप्प बसले. सहा महिन्यांनी हे जातं, तेव्हा शंका आली की लगेच काढून ठेवा.

आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठा, लॉक करून टाकलंय यांचं. रेशनला जायच्या आधी उघडायचं, मग परत आपोआप बंद होतं. लॉक असताना अंगठ्याने पैसे निघत नाहीत. नंबर बदलून माझा टाकला. पैसे काउंटरवर स्लिप भरून काढते, रांग असली तरी.

राग याचा येतो की 50,000 च्या आत उत्पन्न असल्याचा दाखला दिल्याशिवाय या योजनेत माणूस येतच नाही, तो दाखला त्यानेच काढून दिला होता, आमच्या घरात काय आहे काय नाही ते त्याला पाठ होतं, आणि तरी शेवटचे तीन महिने पण सोडले नाहीत. केंद्र चालू आहे. लोकपालाकडे तक्रार टाकली आहे, ठाण्यातून अजून जबाबाला बोलावलेलं नाही. ज्यांचे मागचे हप्ते यायचेत त्यांनी आजच सीडिंग स्टेटस आणि खात्याला कुणाचा नंबर आहे ते बघा, आणि पासबुक दुसऱ्याकडे असेल तर हे वाचून झाल्यावर आधी ते घेऊन या.