रिमवरचा वळ: फोम टायरच्या खरेदीत झालेली माझी फसवणूक

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी १८ वर्षे काम करतो आहे, आणि समोर आलेला भाग मोजल्याशिवाय स्वीकारायचा नाही ही सवय हाताला इतकी लागली आहे की घरी आणलेल्या नळाच्या तोटीचे आटेसुद्धा मी एकदा फिरवून पाहतो. अशा माणसाची छंदाच्या, रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाडीच्या फोम टायरच्या खरेदीत १९,२०० रुपयांची फसवणूक झाली आणि ती झाल्याचे त्याला तीन आठवडे कळलेही नाही. पैसे गेल्याचे दुःख आहेच. पण ते तीन आठवडे मी दोष स्वतःच्या गाडीत शोधत राहिलो, हे अधिक लागले आहे. हा छंद असलेल्या इतरांनी निदान त्या तीन आठवड्यांतून जाऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

आम्ही सात-आठ जण नायट्रो इंजिनाच्या (मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या इंधनावर चालणाऱ्या), खऱ्या गाडीच्या १/१० मापाच्या रेडिओ कंट्रोल गाड्या चालवतो. दोघे जालन्याहून येतात, एक परभणीहून. रविवारी सकाळी सातच्या सुमारास एका ओळखीच्या उद्योजकाच्या परवानगीने त्यांच्या गोदामापुढचे काँक्रीटचे आवार आम्हाला मिळते, आणि उन्हाळ्यात साडेनऊ वाजले की आम्ही सामान आवरतो, कारण पारा ४० च्या वर गेल्यावर त्या काँक्रीटवर गाडी आणि माणूस दोघांचेही हाल होतात. गाडीचे इंजिन अवघे २.११ सीसीचे, पण सरळ पट्ट्यात गाडी ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जाते. त्या वेगाला ६० मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला सुमारे ७,००० फेरे घेते. इतक्या फेऱ्यांना रबरी टायर फुगतो आणि त्याचा आकार बदलतो. फोमचा टायर त्या मानाने जागच्या जागी राहतो आणि रस्त्याला चिकटून धावतो. आत हवा नाही, काही नाही. प्लास्टिकच्या रिमवर फोमचे जाड कडे चिकटवलेले असते, एवढीच त्याची रचना.

त्याची किंमत मात्र झिजण्यात मोजावी लागते. आमच्या खरखरीत काँक्रीटवर पाच मिनिटांच्या एका फेरीत मागच्या टायरचा व्यास जवळजवळ १ मिलिमीटरने उतरतो. मी सुरुवात पुढे ६०.५ आणि मागे ६१.५ मिलिमीटर व्यासावर करतो आणि ५७ च्या खाली गेलेला टायर बाजूला ठेवतो. म्हणजे एका सकाळीच संच संपतो. आमच्या भागात हे टायर दुकानात मिळत नाहीत. बाहेरून मागवले की कुरिअर आणि सीमाशुल्क धरून जोडी २,८०० रुपयांच्या घरात जाते. अशा वेळी कोणी १,६०० रुपयांना जोडी देऊ केली तर माणसाचे कान टवकारणारच, आणि माझेही टवकारले.

हा विक्रेता एका मोठ्या शहरातला. ओळखीच्याच्या ओळखीतून त्याचा क्रमांक मिळाला. शर्यतीसाठी मागवलेला लॉट उरला आहे, टायर परदेशी आहेत, आधीच ट्रू करून, म्हणजे ट्रूअर या छोट्या यंत्रावर फिरवत कातून, योग्य व्यासावर आणलेले आहेत, असे त्याने सांगितले. ‘दादा, पिशवीतून काढायचे आणि लावायचे, तुम्हाला ट्रूअरला हातसुद्धा लावायला नको,’ हे त्याचे शब्द मला आजही आठवतात, कारण नेमकी हीच सोय मला महागात पडली. त्याने व्हिडिओ कॉलवर एक पिशवी फोडली, टायरवर शोअर गेज (फोमचा कडकपणा मोजायचे उपकरण) टेकवले आणि काटा ३७ वर आलेला दाखवला. स्टिकरवरही ३७ होते. ती पिशवी त्याने निवडली होती, मी नव्हे, ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. कारखान्यात एखाद्या पुरवठादाराने स्वतःच नमुना काढून पुढे केला असता, तर मी तो हातात घेतला नसता.

बारा जोड्यांचे १९,२०० रुपये मी यूपीआयने पाठवले. पैसे पाठवताना पडद्यावर भलतेच नाव आले. विचारले तेव्हा ते मेहुण्याचे खाते असल्याचे उत्तर मिळाले. बिल मागितले, तर ते महिनाअखेरीस एकत्र काढतो म्हणाला. पार्सल खासगी ट्रॅव्हल्सच्या बसने आले आणि रात्री अकरा वाजता मी ते बाबा पेट्रोल पंपाजवळ जाऊन घेतले. आत काय आहे याची नोंद ना पावतीवर होती ना माझ्याकडे. खोके घरी फोडताना व्हिडिओ काढण्याचे सुचले नाही, कारण संशयच नव्हता. बारा स्वच्छ पिशव्या, प्रत्येकीत ओलावा शोषणारी पुडी, प्रत्येक रिमवर मधल्या भोकाभोवती बसवलेला गोल पांढरा स्टिकर आणि त्यावर कडकपणाचा आकडा: मागच्यांवर ३७, पुढच्यांवर ४०. पिशवी उघडल्यावर थिनरसारखा गोडसर वास आला. ताजा ग्लू असेल, असे मी स्वतःलाच समजावले.

पहिल्या रविवारी गाडी ब्रेक मारला की डावीकडे ओढू लागली. फेरी संपल्यावर व्हर्निअर लावले तर मागच्या दोन टायरच्या व्यासात ०.९ मिलिमीटरचा फरक. आमचा ट्रॅक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, उजवी वळणे जास्त, त्यामुळे भार डाव्या चाकांवर येतो आणि तीच अधिक झिजतात. म्हणून आम्ही प्रत्येक फेरीनंतर डावे-उजवे टायर बदलतो. फरकाचे कारण मी तिथेच ठरवून टाकले आणि पुढच्या कामाला लागलो. फेरीआधीचे माप माझ्याकडे नव्हतेच. एरवी मी स्वतः ट्रू करतो आणि त्याच वेळी प्रत्येक टायरचे माप वहीत जाते. या वेळी टायर ‘तयार’ आले होते, म्हणून वहीचे ते पान कोरे राहिले.

मग आठवडाभर मी गाडीच्या मागे लागलो. फोमची आतली कड जास्त खाल्ली जात होती आणि टायर शंकूसारखा होत होता, म्हणून कॅम्बर (चाकाच्या आत झुकण्याचा कोन) २ अंशांवरून दीडवर आणला. व्यास १ मिलिमीटरने उतरला की गाडी अर्ध्या मिलिमीटरने खाली बसते, म्हणून राइड हाइट (गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची) नव्याने लावली. मागचा डिफरन्शियल (वळणात दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) उघडून तेल बदलले. बाहेरच्या कडेचे तुकडे उडू नयेत आणि वळणात ती कड रस्त्याला धरून गाडी उलटू नये, यासाठी आम्ही तिच्यावर पातळ सायनो ग्लूचा (झटपट सुकणाऱ्या गोंदाचा) हात देतो. तोही पुन्हा दिला. पट्टेसुद्धा (बेल्ट) तपासले. या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणाऱ्या पट्ट्यांचे गुणोत्तर ठरलेले असते, आणि पुढच्या-मागच्या व्यासातले अंतर बिघडले की एक जोडी दुसरीला फरफटत नेते, पट्टा तापतो आणि इंजिनावर उगाच भार येतो. पुढच्या पट्ट्याचे दात चकचकीत झालेले दिसले. तो दोषही मी माझ्याच ताण लावण्यावर टाकला.

दुसऱ्या रविवारी सरळ पट्ट्याच्या शेवटी मागच्या डाव्या चाकाचा फोम कड्यासारखा रिमवरून निघून हवेत गेला. गाडी तीन कोलांट्या खाऊन भिंतीला लागली. लेक्झानची (पातळ पारदर्शक प्लास्टिकची) बॉडी फाटली आणि मागचे चाक धरणारा आर्म तुटला. जवळ कोणी उभे नव्हते म्हणून एवढ्यावर निभावले. त्या वेळीही माझा पहिला विचार ‘सायनो कमी पडला का?’ असाच होता, यावरून माणूस स्वतःच्या चुकीवर किती सहज विश्वास ठेवतो ते कळेल.

खरा प्रकार तिसऱ्या आठवड्यात उघड झाला. रबरी सील बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीचे काम करणारा माझा मित्र त्याचे शोअर गेज घेऊन घरी आला. चार जोड्या वापरून झाल्या होत्या. उरलेल्या आठ आम्ही दुपारभर एकाच खोलीत पंख्याखाली ठेवल्या, कारण गरम फोम मऊ दाखवतो आणि थंड फोम कडक, त्यामुळे तापमान सारखे असल्याशिवाय त्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नसतो. मग प्रत्येक टायरवर सहा ठिकाणी गेज टेकवले. ज्यावर ३७ छापले होते, त्या एकाच टायरवर ३४ ते ४३ असे आकडे फिरत होते. आठपैकी फक्त दोन जोड्या प्रामाणिक निघाल्या. बाकीच्या ‘जोड्या’ मुळात जोड्याच नव्हत्या. एका पिशवीतल्या, न वापरलेल्या दोन टायरच्या व्यासांत ०.६ मिलिमीटरचा फरक होता. गाडी डावीकडे का ओढत होती, ते कॅम्बरला हात न लावता कळले.

स्टिकर काढण्याची कल्पना मित्राची. गाडीच्या इंधनात मिथेनॉल असते आणि ते ग्लू सैल करते, म्हणून वापरलेल्या चाकांवरचे स्टिकर कडेने उचललेच होते. एक सोलला. खाली, भोकाभोवती, बारीक दात उमटलेला गोल वळ होता. चाक आवळणाऱ्या नटाला दातेरी कड असते, आणि ती प्लास्टिकमध्ये रुतल्याशिवाय असा वळ उमटत नाही. पण हे चाक माझे वापरलेले होते, तेव्हा तो वळ माझ्याच नटाचा असू शकत होता. शिवाय मी स्टिकरवरूनच नट आवळला होता. म्हणून न वापरलेले चाक घेतले आणि त्याचा स्टिकर नखाने हळूहळू सोलला. तिथेही वळ होता, एकात एक असे दोन. आणि त्याच्या शेजारी काळ्या मार्करने लिहिलेला, अर्धवट पुसलेला आकडा होता: ५८.२.

शर्यतीत भाग घेणारे टायर बाजूला ठेवताना रिमवर असाच व्यास लिहून ठेवतात, मीही लिहितो. कोणीतरी ते चाक ५८.२ पर्यंत वापरून टाकून दिले होते. माझ्या हातात ते ६१.४ भरत होते. फोमचा टायर झिजतो, वाढत नाही. जुना फोम खरवडून त्याच रिमवर कुठलातरी दुसरा फोम चिकटवलेला होता, आणि आतल्या कडेला ब्लेड घातल्यावर नव्या ग्लूखाली जुन्या ग्लूचा पिवळा थर स्वच्छ दिसला. जुना ग्लू पूर्ण न काढता वर नवा लावला, की ७,००० फेऱ्यांना काय होते ते भिंतीजवळ पाहून झाले होते.

जुन्या रिमवर नवा फोम चढवणे यात मुळात गैर काही नाही. अनेक जण ते स्वतःसाठी करतात, आणि ‘रिम जुनी, फोम नवा’ असे सांगून कोणी कमी दरात विकले तर मी कदाचित घेईनही. इथे लपवाछपवी होती. स्टिकर नेमका वळ झाकणाऱ्या जागी होता.

विक्रेत्याला फोटो पाठवले तेव्हा त्याने दिलेली उत्तरे ऐकून हा धंदा याच वस्तूत इतका सुखाने का चालतो ते समजले. ‘फोम आहे दादा, झिजणारच. कॅम्बर जास्त असेल तुमचा. आणि कडेला सायनो तुम्ही लावलाय ना, मग आता मी काय करू?’ यातले प्रत्येक वाक्य सुटे घेतले तर खोटे नाही. वापरला की हा टायर संपतो आणि त्याच्याबरोबर पुरावाही संपतो; बिघाडाला खापर फोडण्यासाठी घेणाऱ्याच्या हातची दहा कारणे तयार असतात. शिवाय परत करण्याची सात दिवसांची मुदत त्याने तोंडी सांगितली होती, आणि ते सात दिवस मी डिफरन्शियलचे तेल बदलण्यात घालवले होते. फोटोंवर आणखी एकदा विचारल्यावर त्याने माझा क्रमांक ब्लॉक केला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन तीन आठवडे झाले होते. हा क्रमांक रक्कम खात्यात असतानाच, पहिल्या काही तासांत, खरा उपयोगी पडतो. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोललो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार विक्रेत्याच्या शहरात जाऊन नव्हे, तर मी राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. अडचण बिलाची आहे. यूपीआयची नोंद, त्याचे संदेश आणि ‘परदेशी, नवे, न वापरलेले’ असे त्याने स्वतः लिहिलेले एक वाक्य, एवढ्यावर मी तक्रार तयार केली आहे.

आता टायर घेताना मी पिशवीच्या बाहेरचा फोटो पाहत नाही. रिमच्या भोकाभोवतीची जागा स्टिकरशिवाय, नटाच्या बाजूने आणि आतून षटकोनी खाचेच्या बाजूनेही, उजेडात दाखवायला सांगतो. कोणती पिशवी फोडायची ते मी ठरवतो. पहिली मागणी एकाच जोडीची असते. ट्रू केलेला टायर तर मी घेतच नाही. पूर्ण व्यासाचा, कोरा टायर घेऊन त्याचा व्यास स्वतः उतरवतो, कारण उतरवताना निघणाऱ्या भुशावरून आणि ब्लेडखालच्या आवाजावरूनही फोम एकसारखा आहे की नाही ते हाताला कळते. परभणीच्या आमच्या मित्राने मध्यंतरी अशाच एका लॉटसाठी या बाजूंचे फोटो मागितले. तीन वेळा बाहेरचेच फोटो आले आणि चौथ्यांदा माल संपला होता.

उरलेले टायर नवशिक्यांना सरावासाठी निम्म्या किमतीत देऊन टाक, थोडे पैसे तरी सुटतील, असे एकाने सुचवले. ते मी केले नाही. आठही जोड्या खोक्यात बंद करून कपाटावर ठेवल्या आहेत. ५८.२ लिहिलेले चाक त्यात नाही. ते टूलरूममधल्या माझ्या खणात गेजच्या डबीशेजारी आहे, आणि तो आकडा हाताळून आणखी पुसला जाऊ नये म्हणून त्यावर पारदर्शक टेप लावली आहे, कारण आयोगापुढे ठेवायला माझ्याकडे त्याच्याइतकी स्पष्ट वस्तू दुसरी नाही.