बायोप्सी नको, रक्तातच कळतं म्हणणाऱ्या लॅबवाल्यांपासून सावध राहा

मामांच्या सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसात गाठ दिसली आणि डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणी, सांगितली. सुई लावली की कॅन्सर पसरतो, असं मामींच्या डोक्यात कुणीतरी आधीच भरवलेलं. तेवढ्यात ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून एका लॅबचा माणूस घरी आला, म्हणाला कॅन्सरच्या पेशी रक्तात फिरत असतात, आम्ही त्या मोजतो, कॅन्सर आहे का, कुठलं औषध लागू पडेल सगळं कळतं, अमेरिकेत एफडीएने, म्हणजे औषधं-टेस्टना परवानगी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, मान्य केलेली टेस्ट आहे. 35 हजार घेतले, ते पण स्वतःच्या जीपेवर, बिल नंतर देतो म्हणे.

यातलं निम्मं खरं आहे हो, म्हणून तर माणसं विश्वास ठेवतात. अशा पेशी रक्तात खरंच असतात. एफडीएने 2004 मध्ये सेलसर्च नावाच्या टेस्टला परवानगी दिली, पण ती पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी, नंतर आतड्याच्या आणि प्रोस्टेटच्या, आणि तीही निदान आधीच झालेल्या पेशंटचं पुढे कसं राहील याचा अंदाज घ्यायला. फुफ्फुसासाठी नाही. ती टेस्ट एपकॅम नावाच्या प्रोटीनवरून पेशी पकडते आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पुष्कळ पेशींवर ते कमी असतं, त्यामुळे शून्य आलं तरी कॅन्सर नाही असं अजिबात होत नाही.

त्या माणसाने रक्त साध्या जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये घेतलं आणि बर्फाच्या डब्यात टाकून नेलं. सेलसर्चला पेशी टिकवणारी वेगळी ट्यूब लागते आणि ती थंड करायचीच नसते, हे आम्हाला नंतर हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीवाल्या मॅडमनी सांगितलं. रिपोर्ट आला, "पेशी आढळल्या नाहीत, कॅन्सरची शक्यता अत्यल्प". कुठली पद्धत, किती रक्त तपासलं, काही नाही, सही आहे पण पॅथॉलॉजिस्टचा रजिस्ट्रेशन नंबर नाही. मामींनी देवापुढे साखर ठेवली आणि बायोप्सी राहिली ती राहिलीच.

मग थुंकीतून रक्त पडायला लागलं तेव्हा बायोप्सी झाली. अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार, आणि ईजीएफआर पॉझिटिव्ह, म्हणजे त्या नावाच्या जीनमध्ये बदल, ज्यावर ठराविक गोळी चालते. गोळी चालू केलीय, खोकला कमी आहे, पण मधला वेळ फुकट गेला याचा फार राग येतो.

रक्तातून ईजीएफआर बघायची टेस्ट असते, ती खरी आहे, पण ती रक्तातला डीएनए बघते आणि ती कधी करायची ते कॅन्सरचे डॉक्टर सांगतात, घरी आलेला एजंट नाही. लॅब एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) यादीत आहे का, ती टेस्ट त्यांच्या मान्यतेत आहे का, ते पैसे द्यायच्या आधी बघा, पक्कं बिल मागा. आम्ही 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केलीय, पैसे अजून आले नाहीत. असंच कुणाबरोबर झालं असेल तर जीपेचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअ‍ॅप चॅट डिलीट करू नका, आमच्याकडे तेवढाच पुरावा उरलाय.