सहा वर्षांच्या नातीसाठी स्क्रॅच ज्युनियर: एका आजोबाचा अभिप्राय

लहान पोरांच्या हातात द्यावं असं एखादं तरी ॲप आहे का, असं फिरायला भेटणारे माझ्या वयाचे लोक मला विचारतात. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत उभी हयात सीएनसी मशीनवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणाऱ्या यंत्रावर काढली, म्हणून याला यातलं कळत असेल असा त्यांचा समज. माझं उत्तर ठरलेलं आहे: स्क्रॅच ज्युनियर, ठोकळे जोडून चित्रांना हलवायचं, गोष्ट करायची, असं लहान पोरांचं कोडिंगचं ॲप. मात्र शेजारी बसायला घरातलं कुणीतरी मोकळं असेल तरच घ्या. नसेल तर आत्ता राहू दे, पोर पाटीवर चित्रं काढेल, काही बिघडत नाही.

ॲप फुकट आहे. जाहिराती नाहीत, खातं काढावं लागत नाही, मध्येच 'हे विकत घ्या' असं काही उगवत नाही, आणि एकदा उतरवून घेतलं की नेट बंद असलं तरी चालतं. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात तेव्हा असलेल्या मरीना उमाशी बर्स आणि तिथल्याच एमआयटी या संस्थेतले मिचेल रेझनिक यांच्या गटांनी मिळून ते केलं. 2014 साली आधी आयपॅडवर आलं, मग अँड्रॉइडवर. दोघंही सीमोर पॅपर्ट यांच्या तालमीतले. 1967 मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा करणाऱ्यांपैकी पॅपर्ट एक. पोरानं यंत्राला काहीतरी करायला लावावं, हा विचार तिथून चालत आलाय आणि तो या ॲपमध्ये जागोजागी दिसतो.

वय 5 ते 7 धरलंय, म्हणजे वाचता येत नसलं तरी अडत नाही. पडद्यावर एक मांजर उभी असते. खाली रंगीत ठोकळे: पिवळे सुरू करायचे, निळे चालण्याचे, हिरवे आवाजाचे, नारिंगी थांबण्याचे आणि वेगाचे, लाल शेवटचा. ते डावीकडून उजवीकडे एकाला एक जोडायचे आणि हिरवा झेंडा दाबायचा. जाळीचं बटण दाबलं की पडद्यावर चौकटी उमटतात, आडव्या 20 आणि उभ्या 15. ते बघून मला फार बरं वाटलं. सीएनसीवर आम्ही याहून वेगळं काय करत होतो? टूल एक्स दिशेला किती सरकलं, वाय दिशेला किती, कुठं क्षणभर थांबलं, परत होमला, म्हणजे सुरुवातीच्या जागी, कधी आलं. इथंही होमचा ठोकळा आहे, आणि थांबायचा ठोकळा सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतो. 10 लिहिलं की एक सेकंद. नवीन पोरं कामाला यायची तेव्हा त्यांना सगळ्यात जड जायचं ते हेच, की मशीन आपल्या मनातलं ओळखत नाही, सांगितलं तेवढंच करतं. माझी नात ते सहाव्या वर्षी शिकतेय आणि एकही जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, वाया जात नाही.

तिनं काय केलं ते सांगतो, म्हणजे ॲपचा अंदाज येईल. आमच्याकडं गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी येतात, समोर धार काढून दूध मिळतं. तिला ते करायचं होतं. तयार चित्रांत तिच्या मनासारखी म्हैस सापडेना, तर चित्र काढायच्या भागात तिनं स्वतः काढली, शिंगं पाठीपर्यंत वळलेली. पार्श्वभूमीला टॅबच्या कॅमेऱ्यानं आमच्याच गल्लीचा फोटो घेतला. माईकवर म्हशीचा आवाज स्वतःच काढून भरला, आणि तो चार वेळा पुसून परत भरला, कारण पहिल्यांदा 'रेडकासारखा आला'. मग ठोकळे. पोरगी चालत म्हशीजवळ जाणार आणि मग म्हैस रेकणार. दोघींना हिरवा झेंडा लावला, त्यामुळं झेंडा दाबताच म्हैस ओरडायला लागली.

"आबा, मी पोचायच्या आधीच म्हैस रेकतीया!"

"मग तिनं कधी रेकायचं?"

"मी आल्यावर."

"तू आलीस हे तिला कसं कळणार?"

ती गप्प बसली. म्हशीला आधी थांबायचा ठोकळा लावला, 10 लिहिलं, मग 30. ते जमलं. पण तेवढ्यात तिनं पोरीला दोन चौकटी मागं उभं केलं आणि पुन्हा सगळं चुकलं. मग पिवळे ठोकळे एकेक करून बघितले आणि धडकेचा सापडला: दुसरं पात्र येऊन टेकलं की सुरू. तो म्हशीला लावला. आता पोरगी कुठूनही निघू दे, टेकली की म्हैस रेकते. अंदाजानं वेळ लावणं आणि घडलेल्या गोष्टीवर काम सुरू करणं यातला हा फरक कारखान्यात समजावून सांगताना माझी दमछाक व्हायची. इथं तो कुणी शिकवला नाही. मी फक्त विचारत होतो.

माझं म्हणणं आहे ते इथंच. देखरेख म्हणजे घड्याळ लावणं आणि कुलूप घालणं, एवढंच लोक धरतात. कुलपं आमच्याकडंही आहेत. मुलानं फॅमिली लिंक हे गूगलचं देखरेखीचं ॲप लावून दिलंय: रोजची मर्यादा, रात्री टॅब बंद व्हायची वेळ, नवीन ॲपला आईबापाची परवानगी. शिवाय अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ॲप पिन करायची सोय असते, ती जरूर वापरा, म्हणजे पोर त्याच ॲपमध्ये राहतं, आणि बाहेर पडताना पिन नंबर मागायचा पर्याय चालू केला की तो घातल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. बालरोगतज्ज्ञांच्या इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सनं सांगितलंय की 2 वर्षांखाली स्क्रीन नकोच, अधूनमधून नातलगांचा व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. 2 ते 5 मध्ये जास्तीत जास्त 1 तास. 5 ते 10 मध्ये 2 तासांच्या आत. आम्ही त्याहून बरंच कमी ठेवतो. टॅब बाहेरच्या सोप्यातच वापरायचा, जेवताना कुणाच्याच हातात नाही, माझ्याही नाही. हे सगळं पाहिजेच. पण शेजारी बसून 'मग तिनं कधी रेकायचं' असं विचारणारं माणूस यातलं कुठलंच कुलूप देत नाही.

व्हिडिओ एक संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, पोराला उठायला जागाच राहत नाही. इथं ठोकळे संपले की पात्र थांबतं. म्हैस रेकून झाली की गोष्ट संपली. आजीला बोलावून दाखवायची, आणि टॅब बाजूला ठेवताना आमच्याकडं रडारड होत नाही.

उणिवा आहेत. एका गोष्टीला चारच पानं मिळतात, आणि आमच्या या छोट्या बाईंच्या गोष्टी लांबतात. हिशेब ठेवायची, गुण मोजायची सोय नाही, त्यामुळं खेळ करायचा म्हटलं की लवकर भिंत लागते. 8 वर्षांपुढं मोठ्या मुलांसाठीचं मूळ स्क्रॅच घ्यावं लागेल. आत धडे असे नाहीत, थोडे नमुने आहेत. काही दिवस तर ती नुसते मांजराचे रंग बदलत बसते. मी ते करू देतो.

गावातल्या एका क्लासवाल्यांनी सहा वर्षांच्या पोरांच्या कोडिंगसाठी जी फी सांगितली ती ऐकून सूनबाई काळजीत पडली होती, आपली पोर मागं पडेल का म्हणून. तिला मी 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण दाखवलं. त्यातही कोडिंग माध्यमिक टप्प्याच्या आधी, सहावीपासून धरलंय. घाई कुणालाच नाही, ती फक्त विकणाऱ्यांना आहे, आणि तरुण आईबापांना अशी भीती घालणं मला मनापासून खटकतं.

घेणार असाल तर टॅबवर घ्या, फोनचा पडदा याला पुरत नाही. पहिल्या दिवशी कॅमेरा आणि माईकची परवानगी मागेल, ती द्या. केलेलं सगळं त्याच टॅबमध्ये राहतं, अनोळखी माणसांशी बोलायची जागा ॲपमध्ये नाही. पण त्याचमुळं ॲप काढून टाकलं की पोराच्या गोष्टीही जातात. टॅब बदलायच्या किंवा दुरुस्तीला टाकायच्या आधी पाठवायच्या बटणानं त्या ईमेलवर घेऊन ठेवा.