एफआर डांगरी: प्रक्रिया केलेलं कॉटन घ्यावं की अरामिड?

नवी मुंबईतल्या रबाळे-महापे या कारखान्यांच्या पट्ट्यात एफआर (म्हणजे सहज पेट न घेणारी, फ्लेम रेझिस्टंट) डांगरी घ्यायला गेलात की दुकानदार दोन कापडं पुढे टाकतो. एक जाड, साध्या कॉटनसारखं दिसणारं. दुसरं पातळ, हलकं आणि बऱ्याचदा दुपटीहून महाग. महाग तेच चांगलं असं समजून घेऊ नका. आधी काम बघा.

कॉटनच्या कापडात फॉस्फरसयुक्त रसायन मुरवलेलं असतं. आच लागली की कापड काळं पडून कोळशासारखा थर धरतं आणि ज्वाला हटली की विझतं. अरामिड या कृत्रिम धाग्यात (नोमेक्स हे त्यातलं ओळखीचं नाव) हा गुण मुळातच असतो. साध्या सुताला पेटतं राहायला 18 टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन पुरतो. हवेत तो 21 टक्के असतो, म्हणून साधा सदरा जळतच राहतो. मेटा-अरामिडला (नोमेक्स याच प्रकारचं) 28 टक्क्यांच्या आसपास लागतो.

वेल्डिंग, गॅस कटिंग, ग्राइंडिंग करणाऱ्याने सरळ जाड कॉटन घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वितळलेल्या लोखंडाचे थेंब त्यावरून लवकर ओघळतात. पातळ अरामिडला ते भोकं पाडतात. लेबलवर आयएसओ 11611 हे वेल्डिंगच्या कपड्यांचं मानक बघा, आणि शिंतोडे जास्त उडत असतील तर त्यातला क्लास 2. सॉल्व्हंटच्या प्लँटमध्ये, जिथे वाफेचा एकदम भडका उडू शकतो, तिथे मात्र पैसे अरामिडवर घाला. नेहमीच्या मिश्रणात 93 टक्के मेटा-अरामिड, 5 टक्के पॅरा-अरामिड (केव्हलारसारखा मजबूत धागा) आणि 2 टक्के स्थिर वीज काढून टाकणारा धागा असतो. तिथे लेबलवर आच-ज्वालेपासून बचावाच्या कपड्यांचं आयएसओ 11612 किंवा आपलं भारतीय मानक आयएस 15748 हवं. मे महिन्यातल्या घामात हलक्या कापडाचा फरक अंगाला कळतो, हेही खरं.

पण खरी फसगत धुण्यात होते. आमच्या एका फिटरच्या डांगरीची कॉलर एकदा हाताला पुठ्ठ्यासारखी लागली. घरच्यांनी मायेने खळ घालून इस्त्री केली होती. आणि खळ जळते! ती डांगरी मी त्याला त्या दिवशी घालू दिली नाही. पांढरं करणारं ब्लीच तर दोन्ही कापडांचा शत्रू. कॉटनची प्रक्रिया त्याने उतरते, अरामिडचा धागा कमजोर होतो. कपडे मऊ करणारं सॉफ्टनरही नको, त्याचा थरही पेट घेतो.

बोअरवेलच्या क्षाराच्या पाण्यात साबणाची वडी वापरू नका; साबणाचा पांढरा चोथा धाग्यांत बसतो आणि तोही जळतो. डिटर्जंट घ्या, डांगरी उलटी करून धुवा, दोनदा खळबळा, सावलीत वाळवा. उन्हाने अरामिड विशेष खराब होतं. ग्रीस किंवा तेलाचा डाग निघालाच नाही, तर ती डांगरी आगीच्या कामाला बाद.

आत पॉलिएस्टरचा टी-शर्ट घालू नका. तो 250-260 अंशांना वितळून कातडीला चिकटतो. सुती बनियन बरी. उसवलेली शिवण गल्लीतल्या टेलरकडे साध्या धाग्याने घालून घेऊ नका. जिथून डांगरी घेतली तिथेच एफआर दोरा मागा, खरेदीच्या वेळीच एक रीळ घेऊन ठेवलं तर उत्तम.