डायलिसिस सेंटर: माणसं चांगली, लिफ्ट बंद

चार तारे देतोय. पाचवा लिफ्टने खाल्ला.

मी एस.टी.चा रिटायर्ड कंडक्टर. शुगरने दोन्ही किडन्या गेल्या, आता आठवड्यातून तीनदा इथे चार-चार तास पडून असतो. आधी ज्या सेंटरला जायचो तिथे माझं ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावर उरायला हवं ते वजन, एकदा ठरलं ते ठरलं. अंगावर मांस चढलं तरी जुनाच आकडा धरून पाणी ओढायचे. मग शेवटच्या तासाला पोटऱ्यांत गोळे, बीपी खाली, बायको घाबरीघुबरी. इथल्या सिस्टर वजन झालं की घोटा दाबून सूज बघतात, जेवण जातंय का विचारतात, डॉक्टरांच्या कानावर घालतात आणि मगच मशीनला आकडा देतात. ड्राय वेट वाढवून घेतल्यापासून पोटऱ्यांत गोळे यायचा त्रास गेला.

टेक्निशियन पोरगा हुशार आहे. सुई लावण्याआधी फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून धमनीला जोडलेल्या हाताच्या शिरेवर, बोटं ठेवून थरथर बघतो, त्या हाताला बीपीचा पट्टा कुणाला बांधू देत नाही. वेटिंगमध्ये सगळ्यांची चढाओढ क्रिएटिनिनवरून, म्हणजे किडनीच्या रिपोर्टातल्या आकड्यावरून. या पोराने मला युरियाचा हिशेब शिकवला: डायलिसिसआधी 140, नंतर 45, म्हणजे 68 टक्के उतरला. 65च्या खाली नको. जन्मभर तिकिटांचा हिशेब केला, पटकन डोक्यात बसलं. विचारल्यावर मशीनसाठी पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांटही दाखवला. मशीनला मिनिटाला 500 मिली, म्हणजे एका माणसामागे चार तासांत 120 लिटर शुद्ध पाणी! हिपॅटायटिस बी असलेल्यांचं मशीन वेगळ्या खोलीत आहे, हेही बघून घेतलं.

डाएटचा कागद मात्र कुठून छापून आणलाय देव जाणे. ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल! शेपू चालेल का, आमटी किती घ्यायची, याचा पत्ता नाही. शेवटी सिस्टरनीच सांगितलं, भाजी चिरून उकळा, पाणी फेका, पोटॅशियम कमी होतं. नारळपाण्याला हात लावू नका.

आता लिफ्ट. सेंटर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट दिवाळीपासून बंद. डायलिसिस झाल्यावर पाय लटपटतात, त्यात जिना. मालकांनी हे वाचावं म्हणूनच लिहितोय.

सकाळची पाळी मागून घ्या, दुपारची हमखास लांबते. एसी फार गार असतो, शाल घेऊन या. खिडकीकडच्या बेडवरून टीव्ही दिसत नाही.