लेबलवर पॉलिस्टर, आत भलतंच : झाडकामाच्या दोरात मी कसा फसलो

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर जुळे सोलापुरातल्या एका बोळात आम्ही कडुनिंब उतरवत होतो. वळवाच्या वाऱ्यात झाड घराकडं कललं होतं आणि बुंध्यात पोकळी होती. घरमालकांनी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी आधीच काढून ठेवली होती. झाड एकदम पाडायला जागाच नव्हती, कारण एका अंगाला घर आणि दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांची भिंत नि पत्र्याचं न्हाणीघर. त्यामुळं वरून तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा दोरानं झेलायचा आणि हळूहळू खाली सोडायचा, असं ठरलं. वर माझा चुलतभाऊ होता. खाली बुंध्याला दोराचे तीन वेढे देऊन दोर धरायला वीस वर्षांचा एक पोरगा होता. माझ्याकडं येऊन त्याला दीड वर्ष झालेलं, हात चांगला आणि सांगितलेलं ऐकणारा.

जेवणाआधी अकरा तुकडे नीट उतरले. बारावा सव्वा फूट जाडीचा आणि पाच फूट लांब होता. ओलं लाकूड, वजन दीडशे किलोच्या वर. कप्पी त्या तुकड्याच्या खाली बांधलेली असल्यामुळं तुकडा सुटला की आधी चार-पाच फूट पडतो आणि मग दोरावर येतो. खाली भिंत असल्यानं पोरानं दोर फारसा सरकू दिला नाही. धक्का बसला आणि बुंध्यावरच्या वेढ्यांच्या जरा वर दोर तुटला. लाकूड न्हाणीघराच्या पत्र्यावरून भिंतीवर गेलं. दोराचं तुटकं टोक उलटून पोराच्या गालावर बसलं, डोळ्याच्या खाली दोन बोटांवर. सात टाके पडले. न्हाणीघरात त्या वेळी कुणी नव्हतं. त्या घरातली आजी पाच मिनिटांपूर्वीच बाहेर आली होती, हे मला नंतर कळलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

तो दोर फक्त नऊ दिवसांचा होता.

चौदा वर्षं मी हे काम करतो. सुरुवातीला चुलत्यांच्या हाताखाली काथ्याचा सोल वापरायचो, मग बाजारात मिळेल तो नायलॉनचा तिपेडी दोर. आपल्याकडं दुकानात 'नायलॉनची दोरी' म्हटलं की निळी, हिरवी, पिवळी, पांढरी, काहीही पुढं येतं. कासरा, दावं, मांडवाची दोरी, ट्रॉलीवर बांधायचा दोर, सगळंच नायलॉन. त्यातलं बरंचसं नायलॉन नसतंच, पॉलिप्रॉपिलीन नावाचं वेगळंच प्लास्टिक असतं. तो दोर वाईट असतो असं नाही. मांडवाला आणि कडब्याच्या ट्रॉलीला तो चालतो. पण झाडाचे तुकडे झेलताना दोर बुंध्यावर घासत सरकतो, तिथं उष्णता तयार होते. पॉलिस्टर साधारण २५५ ते २६० अंशांना वितळतं, पॉलिप्रॉपिलीन १६५ च्या आसपास, आणि मऊ तर त्याआधीच पडायला लागतं. शिवाय ऊन त्याला सोसत नाही. चाळिशीपार जाणाऱ्या आपल्या उन्हात टेंपोच्या टपावर टाकून ठेवला तर त्याचा भुसा व्हायला लागतो.

हे मला माहीत होतं. म्हणूनच या वेळी पैसे साठवून पॉलिस्टरचा दुहेरी विणीचा दोर घ्यायचा ठरवला. या दोरात बाहेर एक वीण असते, आत दुसरी, आणि भार दोघी मिळून उचलतात. पॉलिस्टर नायलॉनसारखं फार ताणत नाही, त्यामुळं तुकडा दोरावर आल्यावर उगाच खाली झोके घेत नाही. ओलं झालं तरी त्याचा जोर कमी होत नाही. नायलॉनचा जोर ओलं झालं की दहा-पंधरा टक्क्यांनी उतरतो.

तीन ठिकाणी भाव काढले. दोघांनी १६ मिलिमीटरच्या शंभर मीटरला साडेनऊ ते दहा हजार सांगितले. तिसऱ्यानं सात हजार दोनशे. दुकानाचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. बंडलवर छान छापील लेबल होतं : दुहेरी वीण, शंभर टक्के पॉलिस्टर, १६ मिमी, १०० मीटर, ब्रेकिंग लोड (म्हणजे दोर तुटतो तो भार) ५ टन. पांढरा दोर, त्यात निळी रेघ. मी म्हटलं, "एवढा स्वस्त कसा?" तो म्हणाला, "थेट माल आणतो, मालक, मधला दलाल नाही. तुम्ही नेहमीचे होणार, म्हणून भाव सांगितला." मी दोन बंडलं घेतली. बिल मागितलं तर त्यावर लिहिलं, 'दोर, २ नग'. मी ते घडी करून खिशात घातलं. ती माझी पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे नवा दोर आतून कसा आहे हे कापून बघितलंच नाही.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी तुटलेलं टोक घेऊन मी शेजारच्या काकांकडं गेलो. त्यांची चाळीस वर्षं चादरीच्या कारखान्यात गेली, आधी मागावर आणि नंतर रंगखात्यात. सुतात काय आहे हे त्यांना बोटांनी कळतं. त्यांनी बाहेरची वीण सोडवली, आतला पेड काढला आणि दोन्हींतली चार-चार सुतं वेगळी केली. काकूंकडून निरांजन मागून घेतलं.

बाहेरचं सूत पेटलं, वितळलं, काळा काजळीचा धूर आला आणि टोकाला कडक काळपट मणी झाला. "हे पॉलिस्टर," काका म्हणाले. आतलं सूत ज्योतीपासून आक्रसलं, मग मेणबत्तीसारखं शांत जळत राहिलं, थेंब गळाला आणि मेणबत्ती विझवल्यावर येतो तसा वास सुटला. काका काही बोलले नाहीत. त्यांनी बादलीत पाणी घ्यायला सांगितलं. दोन्ही पेड पाण्याखाली धरून त्यांनी दाबले, आतली हवा बुडबुड्यांनी जाऊ दिली आणि मग सोडले. बाहेरची वीण तळाला गेली. आतला पेड वर आला आणि तरंगत राहिला.

पॉलिस्टर पाण्याच्या १.३८ पट जड असतं, नायलॉन १.१४ पट, म्हणजे दोन्ही बुडतात. पॉलिप्रॉपिलीन ०.९१, ते बुडूच शकत नाही. (डायनीमासारखा महागडा दोरही तरंगतो, पण तो कुणी पॉलिस्टर म्हणून स्वस्तात विकणार नाही.) ही परीक्षा करायला बादलीभर पाणी नि वीतभर दोर पुरतो. हवा मात्र नीट दाबून काढायला हवी, नाहीतर चांगलं पॉलिस्टरही थोडा वेळ वर राहतं आणि खऱ्या मालावर उगाच आळ येतो.

तुटलेल्या जागी आतला पेड चकचकीत आणि कडक झाला होता. बोटात धरून वाकवला तर काडीसारखा कटकन मोडायचा. अकरा तुकडे उतरताना बुंध्यावरच्या घासण्यानं तो आतल्या आत वितळून चिकटत गेला होता. बाहेरून पांढरी वीण जरा मळलेली, एवढंच दिसत होतं. दुसरी गोष्ट मला काकांनी समजावली : पॉलिस्टर कमी ताणतं, पॉलिप्रॉपिलीन जास्त. धक्का बसला की कमी ताणणारी बाहेरची वीण जवळपास सगळा भार एकटी घेते. ती फाटली की मग आतल्यावर येतो, आणि आतला तर आधीच जळलेला.

मग न उघडलेलं दुसरं बंडल काढलं. टेपनं मोजलं तर १०० मीटरऐवजी ९२. व्हर्निअरनं जाडी बघितली, जरा ताण देऊन, तर १६ ऐवजी १५. एका मिलिमीटरनं काय होतं असं वाटेल, पण दोराचा जोर जाडीच्या वर्गाच्या हिशेबानं जातो. १५ चा वर्ग २२५, १६ चा २५६, म्हणजे बारा टक्के जोर तिथंच गेला. वजन भरलं १२ किलो ६०० ग्रॅम. मीटरला १३७ ग्रॅम. १६ मिमी पॉलिस्टर मीटरला २०० ग्रॅमच्या आसपास भरायला हवं, पॉलिप्रॉपिलीन ११५ च्या आसपास. माझा दोर दोन्हींच्या मधे होता, कारण तो अर्धा हे आणि अर्धा ते होता. दुकानात काट्यावर ठेवलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

लेबलवरच्या त्या ५ टनांबद्दलही सांगतो, कारण खऱ्या दोराच्या बाबतीतही आपली माणसं इथं चुकतात. तो आकडा नव्या दोराचा, बिनगाठीचा, सरळ आणि सावकाश ओढीचा असतो. गाठ मारली की तिसरा हिस्सा ते निम्मा जोर गाठच खाते. पडता तुकडा झेलताना दोरावर त्याच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. म्हणून झाडकामात लेबलवरच्या आकड्याचा पाचवा, आणि तुकडे झेलताना दहावा हिस्सा धरतात. ५ टनाचा दोर आमच्यासाठी ५०० किलोचा. आमचा तुकडा दीडशेचा होता. खरा दोर असता तर त्यानं तो झेलला असता. पोरानं दोर थोडा सोडायला हवा होता हे खरं आहे, पण भिंत वाचवायला त्यानं जे केलं ते मीच त्याला शिकवलेलं होतं. त्याच्या आईला मी तसंच सांगितलं.

दुकानात गेलो तेव्हा तो आधी म्हणाला, "साहेब, नायलॉनच आहे ते." मी लेबल दाखवलं. "लेबल कंपनी लावते, आम्ही नाही." कुठली कंपनी, विचारलं. लेबलवर नाव नव्हतं, पत्ता नव्हता, महिना-वर्ष नव्हतं. तेव्हा कुठं ते माझ्या लक्षात आलं. बंद पॅकवर बनवणाऱ्याचं किंवा आणणाऱ्याचं नाव-पत्ता, माप आणि किंमत असायलाच हवी, तसा वैधमापनाचा नियम आहे. मग तो बिलावर आला : "बिलात फक्त दोर लिहिलंय, पॉलिस्टर कुठं लिहिलंय?" मी त्याला पोराचा फोटो दाखवला. त्यानं मान वळवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला.

बाहेर विणलेल्या चादरी सोलापुरी म्हणून खपवल्या की आपल्याला केवढा राग येतो. चादर खोटी निघाली तर माणूस थंडीत कुडकुडतो. हा दोर खोटा निघाला आणि एक म्हातारी पाच मिनिटांनी वाचली.

मापात कमी भरल्याची तक्रार वैधमापन कार्यालयात दिली आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर खरेदीपासून नव्हे, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागू नाही असं मला काहींनी सांगितलं. पण २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगारात वापरलेल्या वस्तूला या अटीतून सूट आहे. माझ्या हाताखाली माणसं आहेत म्हणून ती मला मिळेल की नाही, हे वकिलांनी अजून पक्कं सांगितलेलं नाही. बिलावर 'पॉलिस्टर, दुहेरी वीण, १६ मिमी' एवढे शब्द असते तर माझी बाजू आज कितीतरी भक्कम असती. आता मी ते शब्द लिहून घेतल्याशिवाय पैसे देत नाही. जो लिहून द्यायला कां-कूं करतो त्याच्याकडून घेत नाही.

चुलतभाऊ ज्या दोरावर लटकला होता तो वेगळा, चढायचाच, जुन्या ओळखीच्या माणसाकडून घेतलेला होता. फांद्या उतरवायचा दोर आणि माणूस चढायचा दोर आम्ही कधीच एक करत नाही. त्या दिवशी पैसे वाचवायला तो एक केला असता तर काय झालं असतं, हे मला लिहवत नाही.

तुटका दोर आणि दुसऱ्या बंडलातले तीन मीटर पुरावा म्हणून पिशवीत बांधून ठेवलेत. उरलेला दोर एकानं मांडवासाठी मागितला. मी दिला नाही, कारण मांडवानंतर तो कुठं जाईल ते सांगता येत नाही. कुऱ्हाडीनं हातहात भर तुकडे केले.

पोरगा दीड महिन्यानं कामावर आला. गालावर वण राहिलाय. पहिल्या दिवशी नवा दोर टेंपोतून काढला तेव्हा त्यानं मला न विचारता टोकाची वीतभर कापली, आतला पेड ओढून काढला आणि पाण्याच्या कॅनच्या तोंडातून आत ढकलला. आम्ही सगळे तिथंच उभे राहून बघत होतो. पेड बुडाला, मगच कप्पी वर पाठवली.